खडबुडे विचारतात

१

निवृत्त झाल्यापासून माझी दुपार ठरून गेली आहे. जेवण झालं की ओटा पुसायचा, कुलरमध्ये पाणी ओतायचं, दार लावून घ्यायचं आणि ऊन उतरेपर्यंत बाहेरच्या खोलीत पडून राहायचं. लातूरच्या उन्हाळ्यात दुसरं काही करण्यासारखं नसतंच. उठल्यावर चहा, तोही माझ्याच पेल्यात.

हा पेला लग्नातला. त्या काळी भांड्यांवर नाव घालून देत. दुकानदार समोर बसून टिंबाटिंबांनी कोरायचा. माझ्या पेल्यावर ‘सौ. कुसुम रेणुकादास देगलूरकर’ असं कोरलेलं आहे. एप्रिलमधल्या त्या दुपारी चहा ओतताना नजर नावावर गेली आणि तिथंच अडकली. ‘कूसुम’ असं होतं. पहिला उकार दीर्घ.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. दुसऱ्याच्या वहीतली चूक शोधणं हीच माझी रोजीरोटी. रोज ओठाला लावायच्या पेल्यावरची चूक मला इतकी वर्षं दिसली नसेल, हे पटेना. पेला उजेडात नेला. कुणी नव्यानं कोरलं असतं तर धातू चमकला असता. पण ती टिंबंही बाकीच्यांइतकीच झिजलेली, राखेनं घासल्याच्या बारीक रेघा त्यांच्यावरूनही गेलेल्या.

फडताळातली लग्नातली बाकीची भांडी काढून पाहिली. तांब्या, ताटं, वाट्या. सगळीकडे मी ‘कुसुम’च होते.

मग स्वतःला समजावलं. दुकानदार एकदा चुकला असेल, आणि ओळखीचं अक्षर आपण वाचतो कुठे, नुसतं बघतो. चहा निवत होता. तो त्याच पेल्यातून प्यायले. स्वतःच्या घरात पेल्याला काय घाबरायचं?

२

वरच्या खोलीत त्या वर्षी सृष्टी राहत होती. आमच्या गल्लीत आता घरच्या माणसांपेक्षा भाड्यानं राहणारी पोरंच जास्त. कुणाच्या गॅरेजची खोली झाली, कुणाच्या गच्चीवर मेस आली. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, आणि डॉक्टर होण्याचा रस्ता लातुरातल्या क्लासमधून जातो अशी सगळ्या मराठवाड्याची समजूत आहे. मी मात्र एका वेळी एकच मुलगी ठेवते. खाली मी, आतल्या जिन्यानं वर ती.

सृष्टीचे वडील भुजंग औश्याच्या पलीकडे शेती करतात. माझे यजमान त्यांच्या गावच्या शाळेत मास्तर होते. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनासाठी ते गावातच मुक्कामाला राहिले, आणि पहाटे भूकंपात गाव बसलं. भुजंग तेव्हा त्यांच्या वर्गातला पोर होता. मुलीला घेऊन आला तेव्हा उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, “काकू, गुरुजींचं घर हाय म्हणून ठिवतो. दुसरीकडं मला भरोसा न्हाई.”

सृष्टी लहान चणीची, मोठ्या आवाजाची आणि अजिबात न लाजणारी. क्लासमधल्या शहरी मुली तिच्या बोलण्याला हसत. तिला त्याचं काही नव्हतं. “हसू द्या, आजी. पेपरात कुठं बोलायचं असतंय? गोळे तर काळे करायचेत,” म्हणायची.

तिच्या जाडजूड पुस्तकांत एक पातळ, कडा कुरतडलेलं पुस्तक होतं. जेवताना ती ते डाव्या हातात धरून वाचायची. ‘बारा वाटांचा डोंगर’. माझ्या मुलानं, गंधारनं लिहिलेलं.

भूकंप झाला तेव्हा गंधार कॉलेजात होता. वडलांना शोधायला गेला आणि पुढं कित्येक महिने तिथल्या पत्र्याच्या शेडमध्येच राहिला. दुपारी पोरांना गोळा करून गोष्ट सांगायचा. पुढं त्याच गोष्टीचं नांदेडहून पुस्तक निघालं. ते सरळ वाचायचं पुस्तक नाही. वाचणाराच त्यातला वाटसरू. प्रत्येक पानाच्या शेवटी दोन वाटा असतात. डावीकडे जायचं तर हे पान उघड, उजवीकडे जायचं तर ते. भुजंगानं लहानपणीची प्रत जपून ठेवली होती, ती आता लेकीकडे आली.

“ह्ये ऐका,” त्या दिवशी सृष्टी म्हणाली, आणि शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचू लागली. “‘खडबुडे डोंगराच्या पोटात राहतात. ते गुडघ्याएवढे असतात. त्यांना खोड्या काढायला फार आवडतं. ते चोरी करत नाहीत. नेलं त्याच्या जागी तसंच दुसरं ठेवतात, पण त्यांना ते पुरतं जमत नाही, कुठंतरी चुकतं. खडबुड्यांना भिऊ नकोस. फक्त ते विचारतील तेव्हा सांभाळ. हे की ते, असं विचारतात. तू एक सांगितलंस की दुसरं त्यांचं.’”

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“न्हाई लिव्हलं. खाली दोन वाटाच हायत.” तिनं भाकरीचा तुकडा मोडला. “आजी, तुमच्या घरात खडबुडे झालेत बरं का. माझी डावी चप्पल काल कुणीतरी बदलली. रंग त्योच, घासलेली पण माझ्यासारखीच. पर पट्टा उलट्या बाजूला.”

ती हसत होती. मी पेल्याचं काही बोलले नाही.

३

कुलर चालू असला की घरात दुसरा आवाज ऐकू येत नाही. दुपारी लाइट गेली आणि पंखा घरघरत थांबला, तेव्हाच मला वरचा आवाज ऐकू आला.

सृष्टी क्लासला गेलेली होती. घरात मी एकटी. पावलांचा आवाज असता तर चोर म्हणून ओरडले असते. हा आवाज दगडाचा होता. एक दगड उचलून दुसऱ्यावर ठेवावा, तो डुगडुगावा, मग कुणीतरी फिरवून नीट बसवावा. ठेवणाऱ्याला घाई नव्हती. मध्येच काहीतरी फुसफुसायचं, वर्गात मागच्या बाकावर पोरं तोंड दाबून हसतात तसं.

उंदीर, मी मनाशी म्हटलं. उंदीर दगड रचत नाहीत. मग शेजारी बांधकाम असेल. पण शेजारचं बांधकाम वाळूवाचून केव्हाच थांबलेलं होतं. एकेक खुलासा वहीतल्या चुकीच्या पायरीसारखा खोडत मी जिना चढले. आवाज थांबला.

वरच्या खोलीला बाहेरून कडी होती. उघडायला उजवा हात पुढं केला तर हाताला नुसतं लाकूड लागलं. कडी डावीकडे होती.

इतकी वर्षं ती उजवीकडे होती. दार बसवून घेतलं तेव्हा मी सुताराच्या डोक्यावर उभी होते. आता कडी डावीकडे आणि दाराची फळी उजवीकडे टांगलेली. चौकटीला कुठे नवं भोक नाही, जुनं भोक बुजवल्याची खूण नाही. जुना तेलरंग जसाच्या तसा.

मी कडी काढून आत गेले. खोली रिकामी. कॉट, टेबल, भिंतीवर चिकटवलेला हृदयाचा तक्ता. थंडी मात्र वाजत होती. बाहेर डांबर वितळत होतं आणि त्या पत्र्याखालच्या खोलीत विहिरीच्या तळासारखा गारवा होता. टेबलावर बोट फिरवलं तर काळसर भुकटी लागली, खडकाची.

“कोण आहे?” मी विचारलं. माझा आवाज वर्गातला निघाला. “जे कोणी असेल त्यानं ऐकून ठेवावं. हे माझं घर आहे. मी इथून हलणार नाही.”

खाली कुलर पुन्हा सुरू झाला.

४

गंधार पुण्याला असतो. मी त्याला फोन केला, दाराचं सांगितलं, पेल्याचं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, आई, डॉक्टरकडे जाऊन ये. तो काही बोललाच नाही.

“अरे, ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.”

“हे तुझ्या पुस्तकातलं आहे. तू रचलेलं.”

“खडबुडे मी रचलेले नाहीत,” तो म्हणाला. “बाकी गोष्ट माझी. खडबुडे पोरांनी सांगितले. शेडमधल्या. मी म्हटलं, गोष्टीत एक डोंगर आहे, तिथं कोण राहत असेल? सगळी एकदम म्हणाली, खडबुडे. कसे असतात, काय करतात, सगळं ती सांगत होती. मी नुसतं लिहून घेतलं.”

“पोरांना काय, काहीही सुचतं.”

“मलाही तसंच वाटलं. मी हसून म्हटलं, अरे, तुमच्याकडे डोंगर कुठं आहे? सगळं सपाट रान.” तो म्हणाला. “तर त्यांनी बोट केलं, आई. पडलेल्या गावाकडं. घरांच्या दगडांचा जो ढीग झाला होता ना, त्याच्याकडं.”

त्या ढिगाबद्दल आमच्या घरात बोलायची पद्धत नाही. गंधारनं वडलांना शेवटचं पाहिलं ते लांबून. तेव्हा एकेका चितेवर कितीतरी प्रेतं ठेवत होते. त्यानं शर्ट ओळखला, चेहरा दिसला नव्हता. परत येऊन त्यानं ‘बाबाच होते’ म्हणून सांगितलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

“तू इकडं निघून ये,” तो म्हणाला.

“आणि सृष्टीला कुठं टाकू? परीक्षा तोंडावर आली आहे तिची.”

“तिलाही घरी पाठव.”

“पाठवणार नाही. त्यांनी चौकट फिरवली म्हणून आम्ही घर सोडायचं का?”

५

दोन-तीन दिवसांनी सृष्टी जेवायला खाली आली ती गप्प. आमटी ओरपून झाली, ताटात हात धुतला, तरी उठेना.

“काय झालं ग?”

“आजी, तुमी मला येडी म्हणायचं न्हाई.”

“म्हणत नाही.”

“काल दुपारी पडले होते वाचत. डोळा लागला का न्हाई मला ठाऊक न्हाई. भिंतीतून इचारलं कुणीतरी. एक जण न्हाई, लई जण होते, पर आवाज बारका. म्हणले, डॉक्टर का बाप?”

मी पळी खाली ठेवली.

“मी म्हणलं, काय? तर परत त्येच. डॉक्टर का बाप. जशी काय उत्तराची घाईच झाली होती त्यांना.” ती ताटाकडे बघत होती. “आजी, एक मिनिट तोंडावर आलं होतं माझ्या. आमचे बाबा म्हणणारच होते. बाबाच म्हणणार ना कुणीबी? मग वाटलं, मी बाबा म्हणलं की ह्ये दोन वर्षं गेली. आन् डॉक्टर म्हणलं तर…”

“मग काय म्हणालीस?”

“म्हणलं, तुमच्या बापाला जाऊन इचारा.”

मला हसू फुटलं. तिलाही. दोघी इतक्या हसलो की डोळ्यांत पाणी आलं. हसू ओसरलं तेव्हा घर फार शांत होतं. कुलर चालू होता, पाणी टपटपत होतं, तरी शांत होतं. कुणीतरी आमचं हसणं ऐकून घेतलं आणि त्याला ते आवडलं नाही, असं मला वाटलं.

“तू आजपासून खाली माझ्याजवळ झोप,” मी म्हटलं.

“झोपते. पर अभ्यास वरच करणार.” तिनं ताट उचललं. “खोली माझी हाय. भाडं बाबा देतेत, खडबुडे न्हाई.”

६

परीक्षेच्या आधीचा रविवार होता. सृष्टी वर सरावाचा पेपर सोडवत बसली होती, मी खाली आडवी झाले होते. ऊन टोकाला गेलेलं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. लाइट गेली. कुलरचा पंखा दोन फेऱ्या घेऊन थांबला, आणि वर खट्‌दिशी कडी पडली.

“आजी,” सृष्टीची हाक आली. “कडी कामून लावली?”

मी उठून बसले. “मी नाही लावली. आले, थांब.”

त्याच वेळी पुढच्या दारावर थाप पडली. आधी एक, मग थोडं थांबून दोन हलक्या. तशी थाप जगात एकाच माणसाची होती. शनिवारी दुपारी गावाहून एसटीनं ते यायचे, तेव्हा अशीच पडायची.

“कुसुम,” बाहेरून आवाज आला. “दार उघड. ऊन फार आहे.”

माणसाचा आवाज आपण विसरलो असं वाटतं. विसरत नाही. तो कानात कुठंतरी जसाच्या तसा ठेवलेला असतो. मला काही कळायच्या आत माझे पाय दाराकडे निघाले होते. त्या क्षणी मी खडबुडे, पुस्तक, भूकंप सगळं विसरले होते. एवढंच ठाऊक होतं की ते उन्हात उभे आहेत.

वरून सृष्टी पुन्हा ओरडली, आणि मी थबकले. तिचा आवाज लांब गेला होता. वरच्या खोलीतून येतो तेवढा नव्हता. शेताच्या पलीकडून, जमिनीखालून यावा तसा. मी पाऊल मागं घेतलं, जिन्याकडे वळले. तिचा आवाज जवळ आला. आणि दाराबाहेरचा आवाज बारीक झाला. “कुसुम,” ते म्हणाले, पण आता ते गल्लीच्या टोकाला असावेत असं.

पुन्हा दाराकडे एक पाऊल. सृष्टी लांब. जिन्याकडे एक पाऊल. ते लांब.

मग भिंतीतून विचारलं. पलंगामागून, फडताळातून, फरशीखालून, बारीक बारीक पुष्कळ आवाजांत एकच शब्द.

“कोणतं?”

मी खरं सांगते, त्या वेळी मला भीती वाटली नाही. संताप आला. तीस वर्षं मी एकटीनं हे घर चालवलं, मुलाला शिकवलं, ढिगाचं नाव काढलं नाही. आणि आता यांनी माझ्याच घरात माझी परीक्षा घ्यायची, दोनच पर्यायांची, दोन्ही पर्याय त्यांनीच काढलेले. जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या मी. प्रश्नच चुकीचा असेल तर तो सोडवायचा नसतो.

दार आणि जिना यांच्या बरोबर मध्ये मी फरशीवर मांडी घालून बसले.

“उत्तर देणार नाही,” मी म्हटलं.

घर हादरलं. खरंच हादरलं की मला वाटलं, सांगता येत नाही. फडताळातली भांडी एकेक करून खाली आली, आणि वरून, बाजूनं, सगळीकडून दगडावर दगड घासल्याचा आवाज येऊ लागला. “कोणतं? कोणतं? कोणतं?” फुसफुसणं आता हसण्यासारखं राहिलं नव्हतं.

“सृष्टी,” मी ओरडले. “मी येणार नाही. मी आले तर घोटाळा होईल. तू ये. दार मोड आणि ये.”

“बिजागऱ्या आतून हायत, आजी.” आवाज फार लांबचा, पण खणखणीत. “खिळे काढते.”

“काढ.”

वर लोखंडावर लोखंड आपटू लागलं. मी दाराकडे तोंड केलं. त्यांच्याशी बोलायचं होतं, आणि बोलणं म्हणजे उत्तर नव्हे, असं मी ठरवलं.

“अहो,” मी म्हटलं. “उन्हात उभे आहात, कळतंय मला. मी दार उघडत नाही, आणि जा असंही म्हणत नाही. तुमच्याच शाळेतल्या पोराची मुलगी आहे वर. तुम्ही असता तर काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे.”

बाहेरून त्यांचा खोकला ऐकू आला. खोकल्यावर घसा साफ करायची त्यांची ती लकब. माझे दोन्ही हात मी मांडीखाली दाबून धरले होते.

वर काहीतरी मोठ्यानं कोसळलं. जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि सृष्टी समोर उभी राहिली. केसांत काळी भुकटी, हाताची सालं निघालेली, मुठीत कंपासपेटीतला वाकलेला कर्कटक. आता ती लांब नव्हती. मी तिचं मनगट धरलं. गरम होतं, नाडी उडत होती.

भिंती गप्प झाल्या.

“चल,” मी म्हटलं, “आता दोघी मिळून दार उघडू.”

दारातून पांढरं ऊन आत पडलं. गल्ली रिकामी होती. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. त्यानं मान वळवून पाहिलं.

मी चूक शोधली. खडबुड्यांना पुरतं जमत नाही, हे मला पाठ होतं. भांग पाहिला, घड्याळ पाहिलं. ते उजव्या मनगटावर बांधायचे, उजव्याच मनगटावर होतं. डावा खांदा किंचित उतरलेला, तसाच. चेहरा गेला तेव्हाचा नव्हता. केस पिकलेले, गाल बसलेले, माझ्याच वयाला शोभेल असा म्हातारा माणूस. जगले असते तर आज जसे दिसले असते, नेमके तसे. वरपासून खालपर्यंत तपासलं. एकही चूक नव्हती.

फक्त भर दुपारी सावली पायाखाली असते, ती त्यांच्या पायांशी तुकड्यातुकड्यांनी पडली होती, आणि ते निश्चल उभे असताना ते तुकडे हलत होते.

“आजी, कोण हायत ते?” सृष्टीनं विचारलं.

“आमचे मास्तर.”

तिला ते गेल्याचं ठाऊक होतं. बापाकडून लहानपणापासून ऐकलेलं. तरी म्हणाली, “मंग उन्हात कामून उभे हायत? या म्हणा की.”

तिचं मनगट मी सोडलं नाही. मोकळा हात दाराच्या चौकटीवर ठेवला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं, “दार उघडं आहे. यायचं तर या. हिला सोडून मी तुम्हाला बोलावणार नाही, आणि हिच्यासाठी तुम्हाला घालवणार नाही.”

ते ऐकत होते. चेहऱ्यावर काय होतं, एवढ्या लांबून मला वाचता आलं नाही. मग उन्हाची झळ मध्ये आली, खांब थरथरल्यासारखा दिसला, आणि थरथर थांबली तेव्हा तिथं नुसता खांब होता.

७

भुजंग संध्याकाळच्या गाडीनं आला. मीच फोन केला होता. त्यानं मोडलेलं दार पाहिलं, फरशीवरची भुकटी चिमटीत घेऊन चोळली आणि हात पँटला पुसला. मग लेकीला म्हणाला, “सामान भर. घरी चल.”

“न्हाई येत.”

“सृष्टे.”

“बाबा, मला इचारलं त्यांनी, डॉक्टर का तुमी. मी दोनी ठिवलं. आता तुमीच एक काढून घेता का?”

भुजंग माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “राहू द्या. मी आहे.” तो त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपला, सकाळी शेताकडे निघून गेला, आणि पुढच्या रविवारी तिला परीक्षेला सोडायला परत आला.

सृष्टीनं पेपर दिला. ती आता नांदेडला डॉक्टरकी शिकते. सुट्टीत आली की दारातूनच हाक मारते, आणि अजूनही तसंच बोलते. प्राध्यापक हसतात म्हणे, तिला त्याचं काही नाही.

मी पुण्याला गेले नाही. गंधार दर महिन्याला विषय काढतो. म्हणतो, तुला भीती नाही वाटत? वाटते. कधी कधी लाइट गेली की वर एखादा दगड सरकतो, आणि कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतं, बोलायच्या आधी घेतात तसा. सावली सोडली तर त्या माणसात चूक का नव्हती, याचा विचार करायला लागले की झोप उडते. खडबुड्यांना एकदाच पुरतं जमलं असेल. किंवा ते त्यांनी केलेलं नसेलच. दुसरी शक्यता मी फार वेळ मनात ठेवत नाही, पण पुसूनही टाकत नाही.

एवढंच केलं, की दुपारी दार लावायचं सोडून दिलं. शेजारच्या बायका म्हणतात, झळा येतात, चोर शिरेल. मी म्हणते, शिरू दे. भर उन्हात ते सताड उघडं असतं आणि मी समोर बसलेली असते. ज्याला यायचं त्यानं यावं, पाणी देईन, जेवायला वाढेन. विचारायचं मात्र काही नाही.